दोरा कापणं आणि दागिना मोडणं

काकू, नमस्कार.

तुम्ही वय 72 लिहिलंत, म्हणून काकू म्हणते. तुमची प्रतिक्रिया येऊन नऊ दिवस झाले. दिवाळीच्या ऑर्डरी हातात होत्या आणि घाईत दोन ओळी खरडून मोकळं व्हायचं नव्हतं, त्यामुळे उशीर झाला, माफ करा.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आश्विन महिनाभर मी काय ओवलं, घरच्यांना घेऊन कुठे हिंडले आणि जुन्या बाजारात काय मिळालं, हे मागच्या लेखात लिहिलं होतं. सोबत एक फोटो होता: पांढऱ्या वाटीत सुटे मोती आणि शेजारी कापलेला काळपट दोरा. त्यावर काकूंनी लिहिलं, की कुणाच्या तरी आजीचा दागिना बाजारातून आणायचा, कात्री लावून मणी सुटे करायचे आणि नवी माळ करून 'अँटिक' म्हणून विकायची, हा वारसा मोडून खाण्याचा धंदा आहे. सुट्टीत मुलांना मोकळ्या हवेत न्यायचं सोडून भंगारात आणि काचेच्या कपाटांपुढे का उभं करता, असंही त्यांनी विचारलंय.

'मोडून खाणं' हे मला फार लागलं. पण त्याच शब्दापासून सुरुवात करते. सोन्याचा दागिना सोनाराकडे मोडीत घातला की तो वितळतो; त्याची घडण गेली ती गेलीच. ओवलेल्या दागिन्याचं तसं नसतं. मोती आणि मणी टिकतात, दोरा झिजतो, हे ओवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून तर आपल्याकडे दागिना 'गाठवून घेतात', म्हणजे नव्या दोऱ्यात पुन्हा ओवून घेतात. माझी आजी दर दोन-तीन वर्षांनी मंगळसूत्र गाठवून घ्यायची, नवरात्राच्या आधी. आणि दोरा तुटला तर 'तुटला' म्हणायची नाही, 'वाढला' म्हणायची. तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांनी किती दोरे पाहिले असतील! तरी ते मंगळसूत्र शेवटपर्यंत तिचंच होतं, तेच होतं.

आता फोटोतल्या वस्तूबद्दल. ती चिंचपेटी होती, म्हणजे गळ्यालगत बसणारा, मोती आणि छोट्या पेट्या ओवलेला दागिना. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे एका रविवारी चादरीवर कुलपं, पितळी नळ आणि घड्याळांचे पट्टे यांच्यामध्ये ती पडली होती. पाच पेट्यांपैकी एक गायब, पेट्या तांब्याच्या, मुलामा उडालेला. घरी आणून भिंगाखाली धरली. मोत्याच्या भोकाच्या कडेला काचेची पातळ कड दिसली, आत पिवळट मेण. म्हणजे मोती खरे नव्हतेच: पोकळ काचमणी, आतून माशाच्या खवल्यांच्या चकाकीचा लेप आणि पोटात मेण. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती पुढे जगभर पसरली. अशा मोत्यांना मी कमी लेखत नाही. ज्या बाईला खरे मोती परवडत नव्हते, तिनेही लग्नाकार्यात गळाभर मोती ल्यायले ते यांच्यामुळेच. सुई किंचित तापली तरी आतलं मेण पाघळतं, म्हणून ते ओवताना मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

दोरा मात्र गेलेला होता. दोन बोटांत धरला तर त्याची काळी भुकटी हाताला लागत होती. घाम, तेल, पावडर आणि धूळ रेशमात मुरते आणि दोरा कानशीसारखा होतो. दागिना घातला की तो हलतो आणि प्रत्येक हालचालीला भोकाची कड घासली जाते. खऱ्या मोत्यांच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे, कारण मोती मऊ असतो. 1 ते 10 च्या मोहच्या श्रेणीवर त्याचा कठीणपणा जेमतेम 2.5 ते 4.5 भरतो. आखातातून मुंबईला येणारे ते जुने बसरा मोती वजनावर विकले जात, म्हणून वजन वाचवायला भोक शक्य तितकं बारीक पाडत. त्यातून बारीक रेशीमच जातं, आणि बारीक रेशीम लवकर झिजतं. अशा दागिन्याचा जुना दोरा 'आठवण' म्हणून तसाच ठेवून तो अंगावर घालत राहणं, म्हणजे मोती रोज थोडे थोडे कापणं. घालायचाच नसेल तर गोष्ट वेगळी. तो जसा आहे तसा कपड्यात गुंडाळून ठेवावा, त्याला मी हात लावणार नाही.

म्हणून, काकू, कात्री लावली याची मला खंत नाही.

खंत वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती तुमच्यामुळे लक्षात आली. चिंचपेटीच्या दोन्ही टोकांना दोऱ्याचा पीळ, त्यावर जरीचा वेढा आणि खाली छोटा गोंडा होता. जरीची तार काळी पडली होती. मी तो सगळा गुंता दोऱ्याबरोबर कापला आणि केरात टाकला. पेट्या आणि मोती घेऊन रविवार पेठेतल्या पटवेकऱ्यांकडे, म्हणजे दागिने ओवून गाठवणाऱ्या कारागिरांकडे गेले, तेव्हा त्यांनी मणी नीट पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "गोंडा कुठंय?" मी सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आणला असतात तर वेढे मोजून तसाच वळून दिला असता." तेव्हा मी मान हलवली आणि विसरून गेले. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर ते वाक्य परत आठवलं आणि रात्री झोप लागेना.

कारण तिथेही कुणाचं तरी काम होतं. मोती एकाने घडवले, पेट्या दुसऱ्याने ठोकल्या आणि त्या दोघांना गळ्यात बसेल असं एकत्र आणणारा तिसरा होता, तो पटवेकरी. त्याचं काम फक्त दोऱ्यात असतं आणि दोरा टाकला की ते संपूर्ण जातं. सर किती, पीळ उजवा की डावा, वेढे किती, सरकती गाठ कशी बसवली, यातलं काहीच मी लिहून ठेवलं नाही. त्या चिंचपेटीपुरता वारसा मी खरंच मोडला. तुमचा शब्द तिथे बरोबर आहे.

त्यानंतर हाती आलेल्या तीन माळांना कात्री लावण्याआधी मी दोन्ही बाजूंनी फोटो काढले, पट्टी ठेवून लांबी मोजली, सरांतले मणी मोजून वहीत लिहिले. कापलेला दोरा गोंड्यासकट कागदाच्या पुडीत, वर तारीख घालून. माळ विकली गेली तर पुडीही तिच्याबरोबर जाईल.

'अँटिक' या शब्दाबद्दलही तुमचं म्हणणं मान्य आहे. आपल्याकडे सराफी दुकानात काळपट पॉलिश केलेल्या कालच्या दागिन्यालाही अँटिक म्हणतात आणि मीही सवयीने तसं लिहीत गेले. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात मात्र साधारणपणे किमान 100 वर्षं जुनी वस्तूच पुरावस्तू ठरते आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. माझ्याकडचे मणी बहुतेक आपल्या आया-मावश्यांच्या काळातले आहेत. कालपासून सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या: 'जुन्या मण्यांची नव्याने ओवलेली माळ'. हेच खरं आहे आणि हेच आधी लिहायला हवं होतं.

मुलांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. मोकळी हवा त्यांना मिळते. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर रानफुलं बघायला गेलो होतो. तेरडा ओसरत आला होता, सीतेची आसवं अजून निळीजांभळी होती. लेकीने परतताना गाडीतच ठरवलं की हे रंग मण्यांत करायचे. दोन मिलिमीटरच्या जपानी मण्यांचा तो पट्टा तिने बारा दिवसांत विणला, दोनदा उसवून.

आणि काचेची कपाटं म्हणाल, तर पुण्यातल्या केळकर संग्रहालयात आम्ही दर वर्षी दसऱ्यानंतर जातो. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केली आणि 1975 मध्ये सगळा संग्रह सरकारला दिला. लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला आहे. अडकित्ते, दिवे, फणेरपेट्या (आरसा लावलेल्या, फणी-कुंकवाच्या पेट्या), म्हणजे घरोघरी रोज हाताळलेल्या वस्तू. माझा मुलगा एका फणेरपेटीपुढे बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "आई, हिचा आरसा कुणी कुणी पाहिला असेल गं?" तो सात वर्षांचा आहे. सुट्टीचा दिवस याहून चांगला कसा जावा, मला कळत नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या आईचा तन्मणी (मोत्यांचे सर आणि मधे खोड, म्हणजे जडावाचं पदक) वीस वर्षं डब्यात पडून आहे, दोरा तुटलेला, आणि माझ्यासारख्या कुणाच्या हाती तो कधीच देणार नाही. नका देऊ. पण एवढं करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर काढून मऊ मलमलीत ठेवा. लिंबू, व्हिनेगर, चिंच यातलं काहीही लावू नका, आम्लाने मोती खरोखर विरघळतो. मोती मोजा, खोड वेगळं ठेवा आणि सर किती होते ते आठवत असेल तर आजच लिहून काढा. आईचा तो तन्मणी घातलेला फोटो घरात असेल तर शोधा, त्यात लांबी कळेल. मग ओळखीच्या पटवेकऱ्याकडे जा आणि पूर्वीच्या बायका बसायच्या तसं समोर बसून गाठवून घ्या.

आणि डब्याच्या तळाशी गोंडा असेल, तर तो आधी त्यांच्या हातात द्या.