साहेबाच्या गावात शिव्या कशा खाव्यात

ब्रिटनचा व्हिसा आला, पेढे वाटून झाले, आता मावशीपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे सांगतायत की थर्मल घे, कुकरची जास्तीची रिंग घे, मेतकूट घे, पण तिकडे कोणी तुमचा अपमान केला तर तो झाला हे ओळखायचं कसं हे कोणीच सांगत नाही, कारण सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांचा तिथे वर्षानुवर्षं अपमान होत होता आणि ते दर रविवारी घरी फोन करून सांगत होते की इथले लोक फार सभ्य आहेत हो.

तेव्हा नीट वाचा.

ऑफिसात तुम्हाला कोणीही शिवी देणार नाही, हे आधी लक्षात घ्या आणि घाबरा. मीटिंगमध्ये "विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट" ऐकू आलं की समजा तुमची अक्कल काढली. नुसतं "विथ रिस्पेक्ट" असेल तर अजून थोडी आशा आहे. "इंटरेस्टिंग" म्हणजे भंकस. "दॅट्स अ ब्रेव्ह डिसिजन" म्हणजे तू बुडणार आणि मी काठावर खुर्ची टाकून बघणार. "आय विल बेअर इट इन माइंड" म्हणजे विसरलोसुद्धा. "क्वाइट गुड" ऐकून साहेब खूश आहे असं घरी कळवू नका, अमेरिकेत ते कौतुक असेल, इथे त्याचा अर्थ बरंय आपलं, चाललंय. उलट "नॉट बॅड" म्हणाला तर मात्र बिनधास्त पार्टी द्या. पुण्याच्या मंडळींना हा पेपर सोपा जाईल, ती शालजोडीतले खाऊनच मोठी झालेली असतात, फक्त आपल्याकडे शालीत जोडा आहे हे मारणाऱ्यालाही माहीत असतं आणि खाणाऱ्यालाही, इथे नुसती शालच दिसते, तुम्ही ती पांघरून थँक्यू म्हणून निघता आणि डोकं थेट दुसऱ्या दिवशी दुखायला लागतं.

शुक्रवारी संध्याकाळी पबमध्ये मात्र सगळं उलटं. दिवसभर तुमच्याशी अदबीने बोलणारा शेजारच्या डेस्कवाला तुमच्या हातून ग्लास सांडला की म्हणेल, "यू डाफ्ट सॉड." किंवा मपेट म्हणेल, पिलक म्हणेल, प्लॉन्कर म्हणेल (हा शब्द ऐंशीच्या दशकात टीव्हीवरच्या एका थोरल्या भावाने धाकट्याला इतक्या वेळा ऐकवला की अख्ख्या देशाच्या तोंडी बसला). सगळ्यांचा अर्थ साधारण एकच, गाढव. अशा वेळी चेहरा पाडू नका, एचआरला मेल तर अजिबात टाकू नका. तुम्हाला गँगमध्ये घेतलंय. सहा महिने झाले आणि तुम्हाला अजून कोणी गाढव म्हटलं नसेल, सगळे गोड हसून "सो लव्हली टु सी यू" म्हणत असतील, तर दुसरी नोकरी बघायला लागा.

प्रांताप्रमाणे माल बदलतो. स्कॉटलंडमध्ये नम्प्टी, यॉर्कशायरकडे वॅझॉक, लंडनमध्ये बर्क. बर्क हा शब्द तिथल्या आज्या नातवंडांसमोर खुशाल वापरतात, पण तो निघालाय लंडनच्या यमकी बोलीतून, मूळ जोडी 'बर्कली हंट' की 'बर्कशायर हंट' यावर वाद आहे, पण हंटशी जुळणारं यमक कुठलं यावर नाही. ते तुमचं तुम्ही जुळवा, मी घरंदाज माणूस आहे. आणि 'मेट' या शब्दापासून जपून राहा. "ऑलराइट, मेट?" म्हणजे काय रे मित्रा, आणि "लिसन, मेट" म्हणजे बाहेर ये जरा.

आता उच्च शिक्षण. त्यासाठी पार्लमेंटचं कामकाज बघत चला, फुकट असतं. तिथे गिट, स्वाइन, ब्लॅकगार्ड, गटरस्नाइप असल्या शब्दांवर स्पीकरनी वेळोवेळी आक्षेप घेऊन ते मागे घ्यायला लावलेत, आणि 'खोटारडा' तर बिलकुल चालत नाही. म्हणजे खोटं बोललेलं चालतं, खोटं बोलला असं म्हटलेलं चालत नाही. २०१६ मध्ये डेनिस स्किनर नावाच्या म्हाताऱ्या खासदाराने पंतप्रधान कॅमेरनना 'डॉजी डेव्ह', म्हणजे लबाड डेव्ह म्हटलं, शब्द मागे घे म्हटल्यावर परत तेच म्हटलं, आणि दिवसभरासाठी बाहेर गेला. जानेवारी २०२२ मध्ये खासदार इयन ब्लॅकफर्डनी पंतप्रधान बोरिस जॉन्सननी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली असं ठणकावलं, तेही बाहेर. त्यामुळे ज्याला टिकायचंय तो शब्दांवरून इस्त्री फिरवतो. चर्चिलने १९०६ मध्ये 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड', म्हणजे शब्दांतली अचूकता कमी पडणं, असा शब्दप्रयोग केला, आणि तेव्हापासून खोटेपणाला सोवळं नेसवायचं असेल तर हाच पितांबर बाहेर काढतात.

पण माझ्या मते या शाळेचा गोल्ड मेडलिस्ट डेनिस हीली. १९७८ साली तो अर्थमंत्री, समोर विरोधी बाकावर जेफ्री हाउ, अत्यंत सभ्य, अत्यंत हळू बोलणारा माणूस. हाउने त्याच्यावर टीका केली, त्यावर हीली म्हणाला की हा हल्ला म्हणजे मेलेल्या मेंढीने लचका तोडल्यासारखा वाटला. झालं, बिचारा हाउ पुढे स्वतः अर्थमंत्री झाला, परराष्ट्रमंत्री झाला, उपपंतप्रधान झाला, पण मेंढी काही सुटली नाही. एकही असभ्य शब्द नाही बघा, फक्त एक मेंढी आणि तीही मेलेली, आणि माणसाचा जन्म गेला. तुम्ही आम्ही चौकात उभं राहून आईबहिणीवरून तासभर ओरडलो तरी एवढी इजा होत नाही राव.

आणि गंमत पुढे आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये हाउने थॅचरबाईंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिला आणि १३ तारखेला सभागृहात उभं राहून त्याच झोपाळू आवाजात म्हणाला की युरोपशी वाटाघाटी करायला आम्हाला पाठवतात ते कसं, तर ओपनिंग बॅट्समन क्रीजवर पोचतात, पहिले बॉल पडायला लागतात आणि त्यांना कळतं की मॅचच्या आधीच टीमच्या कॅप्टनने त्यांच्या बॅटी मोडून ठेवल्यात. नऊ दिवसांनी थॅचरबाईंनी राजीनामा जाहीर केला. नुसत्या या एका भाषणाने बाई गेल्या असं कोणी म्हणणार नाही, आधीपासून बरंच शिजत होतं, पण मेलेली मेंढी चावते एवढं सगळ्यांना कळलं. बॉसला घालवायचं असेल तर आवाज चढवू नका, क्रिकेटचा दाखला द्या.

बरं, तुम्हालाच कोणी काही चिकटवलं तर? रडायचं नाही, बिल्ला करून छातीवर लावायचा. टोरी हा शब्द मुळात आयर्लंडमधल्या दरोडेखोरांसाठीचा आणि व्हिग हा स्कॉटलंडमधल्या गुरं हाकणाऱ्यांवरून आलेला असं मानतात, दोन्ही बाजूंनी एकमेकांना हाणलेल्या शिव्या, आणि त्यांचेच दोन पक्ष झाले. टोरी, म्हणजे हुजूर पक्षवाले, अजून मिरवतायत. १९४८ मध्ये मजूर पक्षाच्या अन्युरिन बेव्हननी टोरींना 'लोअर दॅन व्हर्मिन', म्हणजे घुशीउंदरांपेक्षा खालचे म्हटलं, तर या लोकांनी चक्क व्हर्मिन क्लब काढले, बिल्ले लावून फिरले, आणि तरुण मार्गारेट थॅचरसुद्धा त्यात होत्या. २०१६ मध्ये टोरींचे माजी मंत्री केन क्लार्कना माइक चालू आहे हे माहीत नव्हतं आणि ते थेरेसा मेंना 'ब्लडी डिफिकल्ट वुमन' म्हणून गेले, त्यावर बाईंनी पंतप्रधानकीचा प्रचार केला. आपल्याकडे अशा वेळी पुतळे जाळतात, बस फोडतात. फुकट मिळालेला प्रचार जाळून टाकण्याची ही आपली जुनी सवय तिकडे नेऊ नका.

इथवर आलात तर मुख्य धडा, कारण तुमचे कॉलेजातले इंग्रजीचे सर ज्या शिव्या शिकवतील त्या एक्स्पायर झाल्यात. कॅड, बाउंडर, रॉटर, स्काउंड्रल, हे सगळं विसरा, ते आता नाताळच्या नाटकात मिशा पिळणाऱ्या खलनायकाला शोभतं. पूर्वी तिथली खास शिवी वरून खाली पडायची, लॉर्डकडून दारवानाकडे, आता ती खालून वर जाते. २०१२ मध्ये अँड्र्यू मिचेल नावाचे मंत्री डाउनिंग स्ट्रीटवर सायकल घेऊन मोठ्या गेटमधून निघाले, पोलीस म्हणाले बाजूच्या छोट्या गेटने जा, आणि बाचाबाची झाली. पोलिसांचं म्हणणं मंत्री त्यांना 'प्लेब' म्हणाले. आता लक्ष देऊन ऐका. मिचेलसाहेबांनी कबूल केलं की हो, मी एफने सुरू होणारा शब्द वापरला, चुकलं माझं. पण प्लेब? छे छे, प्लेब म्हणालोच नाही! प्लेब म्हणजे काय तर रोममधली सामान्य रयत, बस. मंत्रिपद गेलं, अब्रूनुकसानीचा खटला लढले, २०१४ मध्ये जजने सांगितलं की तो शब्द किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी तुम्ही म्हणालात, आणि खटलाही गेला. एफवाली शिवी पोलिसाच्या मायलेकरांनीही ऐकलेली असते, पण तुझी पायरी कोणती हे आठवून देणं महागात पडतं.

उलट दिशेला सगळी मोकळीक. २०१८ च्या सुमारास रागाने लालबुंद होऊन ब्रेक्झिटवर बोलणाऱ्या मध्यमवयीन गोऱ्या काकांना पोरं 'गॅमन' म्हणू लागली, म्हणजे डुकराच्या मांसाचा तो गुलाबी तुकडा, आणि काका इतके चिडले की अजून गुलाबी झाले. २०२२ मध्ये डेली स्टार या पेपरने तर शब्दही वापरला नाही, लेट्यूसचा एक गड्डा आणला, त्याला विग घातला, कॅमेरा लावला आणि विचारलं की जास्त कोण टिकतं, हा गड्डा की पंतप्रधान लिझ ट्रस. बाईंनी ४५ व्या दिवशी राजीनामा जाहीर केला. गड्डा जिंकला.

शिव्यांचं वजनही बदललंय. १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर एका फुलवालीच्या तोंडी 'ब्लडी' आला तर पेपरांत गदारोळ झाला होता, आणि २०१६ मध्ये ऑफकॉम या टीव्ही-रेडिओच्या नियामकाने लोकांना विचारून यादी केली तर ब्लडी, बगर, गिट सगळे सौम्यात जाऊन बसले. देवाधर्माच्या शिव्या पार गुळगुळीत झाल्या, शरीराच्या अवयवांच्या अजून थोड्या टोचतात, आणि वंश, रंग, अपंगत्व यावरच्या शिव्या सगळ्यात जहरी ठरल्या. हे चांगलंच झालं, इथे मला उपरोध सुचत नाही. फक्त एक शब्द पाठ करून ठेवा, 'बँटर'. म्हणजे थट्टामस्करी. यॉर्कशायर क्रिकेट क्लबमध्ये अझीम रफीकला त्याच्या पाकिस्तानी मुळांवरून जो शब्द ऐकवला गेला, तो चौकशी अहवालात 'मैत्रीपूर्ण, खेळीमेळीचं बँटर' म्हणून नोंदला गेल्याचं २०२१ मध्ये बाहेर आलं, मग स्पॉन्सर पळाले, संसदेच्या समितीसमोर सुनावणी झाली, तेव्हा कुठे क्लबला ती खेळी आठवेना. तो शब्द वापरणारा तुमचा पासपोर्ट तपासत बसत नाही, नाशिक असो की लाहोर, त्यामुळे तेव्हा पबमधला गँगमध्ये घेण्याचा नियम लावून हसत बसू नका. तेव्हा एचआरला मेल टाका.

कायद्याचं थोडक्यात. २००५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याने पोलिसाला विचारलं की तुमचा घोडा गे आहे हे तुम्हाला माहीत आहे का, त्याला रात्रभर कोठडीत ठेवलं, ८० पौंडांचा दंड लावला, त्याने भरला नाही, केस सोडून दिली. घोड्याने तक्रार केली नव्हती. पुढे मिस्टर बीनवाल्या रोवन अॅटकिन्सनसकट अनेकांनी मागणी लावून धरली आणि फेब्रुवारी २०१४ पासून, त्याला ज्या कलमाखाली धरलं होतं त्यातून 'अपमानास्पद' हा शब्द गेला. म्हणजे घोड्याशी आता मोकळेपणाने बोलू शकता.

राहिली तुमची पोरं. ती हॅरो नाहीतर स्लाउच्या शाळेत जातील आणि दोन वर्षांत जमैकन आजोबांच्या बोलीतून आलेलं नवं लंडनी इंग्रजी बोलायला लागतील, त्यात प्रत्येक वाक्याला 'इनिट', दोस्ताला 'फॅम', दगाबाजाला 'पेगन', अभ्यासू पोराला 'नीक'. एक दिवस चिरंजीव तुम्हाला 'वेस्टमन' म्हणतील. तुम्ही समजाल कचरेवाला, पण नाही हो, ज्याच्या हातून आयुष्यात काही झालं नाही असा माणूस. इतकी नेमकी शिवी कॅड-बाउंडरवाल्या लॉर्डांना तीनशे वर्षांत सुचली नाही, आणि तरी इंग्लंडमधले म्हातारे पेपरात पत्रं लिहितात की आमची शिवी मेली. मेली नाही, तुमच्याकडे यायला लागली. तुमचं वय तिशीच्या पुढे असेल तर हे शब्द चुकूनही वापरू नका, वापरलेत तर 'मोइस्ट' म्हणतील, आणि त्याचा अर्थ मला विचारू नका.

अगदीच काही सुचलं नाही तर 'डूलॅली' वापरा, म्हणजे डोकं फिरलेला. एकोणिसाव्या शतकात मुदत संपलेले गोरे सोल्जर बोटीची वाट बघत आपल्या देवळालीच्या कॅम्पात महिनोन्महिने पडून राहायचे, ऊन, दारू, कंटाळा आणि ताप, त्यातून त्यांना जे काही व्हायचं त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणायला लागले, आणि शब्द बोटीत बसून घरी गेला. कोणी म्हणालं की तुझं इंग्रजी बाहेरचं आहे, तर बॉसकडे बघून बिनधास्त म्हणा, "ही इज डूलॅली." आणि माल नाशिक जिल्ह्याचा आहे, असंही सांगा.