ओल्या पायात मोजे

आमच्या साडूंनी गोव्यात हाफ आयर्नमॅन पूर्ण केली आणि सासुरवाडीत मी एक पायरी खाली घसरलो. तोवर आम्ही बरोबरीत होतो. त्यांना शुगर, मला बीपी. त्यांचा पुण्यात फ्लॅट, माझी कोल्हापुरात बँकेची नोकरी. पण मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल मारून आणि वर २१.१ किलोमीटर पळून ते साडेआठ तासांच्या आत आले आणि सगळा समतोल गेला. त्यानंतर बारसं असो, साखरपुडा असो, ‘सेव्हंटी पॉइंट थ्री’ निघायचंच. (हे ७०.३ मैल आहेत. आपले किलोमीटर ११३ होतात. हे मला एका दहाव्याला कळलं, घाटावर, कावळ्याची वाट बघताना.)

सासूबाई त्यांना वाढताना म्हणायच्या, “घ्या हो, अंगाला लागू दे.” मला वाढताना म्हणायच्या, “तुम्हाला भात जरा कमी घालू का?”

त्या कमी भातावर बसूनच मी ठरवलं.

तसं बघितलं तर ट्रायथलॉनमध्ये नवीन काय आहे? पोहायला मी आठव्या वर्षी मामाच्या विहिरीत शिकलो. मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकललं, चौथ्या दिवशी डबा न बांधता ढकललं, झालं शिक्षण. सायकलवर हायस्कूल काढलं. आणि सुटलेल्या एसटीमागे मी जेवढा पळालोय तेवढा कुणी मैदानावर पळाला नसेल. ज्या तीन गोष्टी जन्मभर फुकट केल्या, त्या एका सकाळी ओळीने करायच्या आणि त्याचे पैसे भरायचे, एवढाच काय तो फरक.

ओळीने करायची ही कल्पना अमेरिकेतली. १९७४ साली सॅन दिएगोच्या मिशन बेमध्ये अशी शर्यत झाली. पुढे हवाईत नौदलाचे अधिकारी जॉन कॉलिन्स आणि मंडळींत वाद पेटला, की पोहणारा, सायकलवाला आणि पळणारा यांत दमदार कोण? आपल्याकडे हा वाद मिसळीचा दुसरा कट येईपर्यंत मिटला असता. त्यांनी १९७८ मध्ये ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि अख्खी मॅरेथॉन एकापुढे एक लावली. १५ जण निघाले, १२ पोचले. वादाचं काय झालं माहीत नाही, पण ते लोण हिंडत हिंडत आमच्या साडूंपर्यंत आलं आणि त्यांच्याकडून मला लागलं.

मी आपली धाकटी पाती धरली. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणे. याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. नाव कुणी ठेवलं असेल त्याने मला पळताना पाहिलेलं नाही.

पहिला झटका तलावावर नाही, पालिकेच्या टाकीवर बसला. तिथला बावीस वर्षांचा कोच माझं पोहणं दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, “काका, तोंड पाण्यात घाला.”

“मग श्वास कसा घेऊ?”

“पाण्यात सोडायचा. मान बाजूला वळवून घ्यायचा.”

मामाच्या विहिरीत ज्याचं तोंड पाण्यात जायचं त्याला केसाला धरून वर काढत. इथे तोच अपघात पद्धत म्हणून शिकवत होते. शिवाय आता धरायला केसही राहिले नव्हते. पंचवीस मीटरच्या टाकीच्या तीस फेऱ्या म्हणजे ७५० मीटर. मी एक फेरी मारायचो आणि काठ धरून शेजारच्याशी पावसापाण्याचं बोलायचो. तीन महिन्यांत तीस फेऱ्या जमल्या, पण त्यात गप्पाही बऱ्याच झाल्या.

आदल्या रात्री साडूंचा फोन आला, “आज भरपूर कार्ब्स घ्या.” आईने तो कानावर पडलेला शब्द आपल्या परीने लावला आणि मटण केलं. भात भरपूर होता, हे खरं. पण कोल्हापुरात भात एकटा येत नाही. त्याच्यासोबत आलेला पांढरा रस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, तलावाच्या मधोमध, मला पुन्हा भेटायला आला.

राजाराम तलावावर पोचलो तेव्हा अंधार होता. एका मुलीने जाड मार्करने माझ्या दंडापासून मनगटापर्यंत २१७ लिहिला. “जाईल ना गं हे?” “जातं की काका दोन दिवसांत.” घोट्याला वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा बांधला. सेहेचाळिसाव्या वर्षी पायात पैंजण. सायकली लावायच्या जागी लोखंडी आडव्या नळ्या होत्या आणि त्यांना सायकली सीटवर टांगलेल्या. माझी सायकल मुलाची, तिला स्टँड होता, म्हणून मी ती सरळ जमिनीवर उभी केली. शेजारच्या गृहस्थांनी तिच्याकडे बघून विचारलं, “कार्बन?”

“लोखंड.”

ते पुढे काही बोलले नाहीत.

टाकीच्या तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून नाकासमोर जाता येतं, हे मी पाण्यात उतरल्यावर शिकलो. कारण तलावाच्या तळाला काही नव्हतं. तळच दिसत नव्हता. हिरवा अंधार, आणि त्यात शंभरेक माणसांचे हातपाय. कुणीतरी माझ्या पाठीवरून गेलं. मी ‘सॉरी’ म्हणालो, त्यात एक घोट पाणी गेलं. मान बाजूला वळवून श्वास घ्यायला गेलो तर तिकडे कुणाचा तरी पाय. तीन महिन्यांचं शिक्षण साठ मीटरमध्ये संपलं. मग मी मुकाट्याने डोकं वर काढलं आणि मामाच्या विहिरीतला आठ वर्षांचा पोरगा होऊन बेडकासारखा निघालो. तुम्हाला सांगतो, सगळे पट्टीचे पोहणारे अधूनमधून डोकं वर काढून, वाटेची खूण म्हणून पाण्यावर सोडलेला पिवळा फुगा कुठे आहे ते बघत होते. मला तो सतत दिसत होता. जवळ मात्र येत नव्हता.

दमलात तर होडीला धरून थांबता येतं, फक्त होडीने तुम्हाला पुढे न्यायचं नाही, असा नियम आहे. हा एकच नियम मी पाठ करून आलो होतो. दुसऱ्या फुग्यापाशी होडी धरली. होडीवाल्याने वरून वाकून बघितलं.

“पाव्हणं, कुठलं?”

“इथलाच… पण मूळ… कागलकडचे.”

“कागलकडं कुठं?”

मी धापांच्या मधून गावाचं नाव सांगितलं. त्याच्या मावशीचं घर आमच्या पाणंदीच्या तोंडाला निघालं. मावशीच्या थोरल्या मुलाने म्हशी विकल्या हेही कळलं. पांढरा रस्सा वर आला तो इथे. होडीवाला शांतपणे म्हणाला, “हुतंय. बसताय काय वर?” बसायचा मोह एवढा झाला होता की काय सांगू. पण वर बसलं की शर्यत संपली, आणि काठावर साडू उभे होते. पुण्याहून मुद्दाम आले होते. बघायला.

काठावर आलो तेव्हा वाटलं, अवघड तेवढं संपलं. खरी गोष्ट अशी की ट्रायथलॉनमध्ये तीन नाही, चार खेळ असतात, आणि चौथ्याची तयारी कुणी करून घेत नाही. तो म्हणजे कपडे घालणे. अंग ओलं, हात थरथरतात, शेजारी लोक सायकली घेऊन सटासट निघतायत. बाकीचे अंगाला चिकटलेला एकच सूट घालून पोहतात, त्यातच सायकल मारतात, त्यातच पळतात. तसला सूट मी घरी घालून बघितला होता. बायको म्हणाली, “अहो, वर काहीतरी घाला, आई बाहेर आहेत.” म्हणून मी उघड्या अंगाने पोहलो आणि आता टी-शर्ट घालत होतो. तो ओल्या पाठीवर गुंडाळत जाऊन खांद्यावर जानव्यासारखा अडकला. एक हात आत, एक हात आभाळाकडे. कुंपणापलीकडून बायको ओरडत होती, “उलटा आहे! उलटा आहे!”

मग मोजे. कोरडा पाय मोज्यात जातो हे आपण जन्मभर गृहीत धरतो. ओला पाय जात नाही. टाच येईपर्यंत जातो आणि तिथे मोजा म्हणतो, आता बास. मी मातीत फतकल मारून बसलो. पावडर आणायला हवी होती हे साडूंनी त्या वेळी, कुंपणावरून, मोठ्याने सांगितलं. शेवटी मोजे चढले, टाचेचा भाग पायाच्या वर आला तो तसाच ठेवला, सायकलला हात घातला, तोच पंच धावत आले. आधी हेल्मेट घालायचं, त्याचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात लावायचा. मी सायकल सोडली. हेल्मेट सायकलीमागे सापडलं.

सायकलीचं फार सांगण्यासारखं नाही. पहिले दहा किलोमीटर मी भन्नाट गेलो. आपण एवढे तयारीचे आहोत हे आपल्यालाच माहीत नव्हतं, असं वाटत होतं. वळसा घालून परत फिरलो तेव्हा कळलं की तो वारा होता. परतीला उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला, आणि मग दुधाचे कॅन लावलेली एक मोटरसायकल बरोबरीने चालू लागली.

“पयलं बक्षीस किती हाय वो?”

“मला नाही मिळणार.”

“मग तुमास्नी किती देत्यात?”

“आम्हीच पैसे भरलेत.”

तो बराच वेळ काही न बोलता बाजूने येत राहिला. मग म्हणाला, “घरात सांगितलंय न्हवं?” आणि गिअर टाकून गेला.

सायकलवरून उतरून लगेच पळायच्या सरावाला हे लोक ‘ब्रिक’ म्हणतात. म्हणजे वीट. पाय विटेसारखे होतात म्हणून म्हणे. माझे जांभ्याचे झाले होते. तासभर पाय गोल गोल फिरवायची सवय लागलेली, त्यांना आता सरळ पुढे टाकायचं सांगितलं तर ऐकेनात. कमरेच्या वर मी पळत होतो, खाली मी अजून सायकलवर होतो. पहिला किलोमीटर असा गेला. उरलेले चार मी चाललो, पण जिथे फोटोवाले होते तिथे पळालो. फोटोत मी सगळीकडे पळताना आहे.

शेवटच्या शंभर मीटरला साडू माझ्या बाजूने पळत आले आणि ‘फॉर्म! फॉर्म!’ असं ओरडले. मला वाटलं, अजून एखादा फॉर्म भरायचा राहिलाय.

निकाल मोबाइलवर आला. पोहणे २७ मिनिटं, सायकल ५८, पळणे ४६, सायकलवरून पळायला निघायला ४. एकूण २ तास २४ मिनिटं. साडूंनी बेरीज तपासली आणि पोहणं व सायकल यांच्या मधल्या आकड्यावर बोट ठेवलं.

“इथे ९ मिनिटं? ऑलिम्पिकवाले एका मिनिटाच्या आत निघतात हो. काय करत होतात काय?”

“मोजे घालत होतो,” मी म्हणालो.

दुपारी सासूबाईंचा फोन आला, संध्याकाळी जेवायला या म्हणून. ताटात भात पाहिला. ढीग नव्हता, पण साडूंच्या एवढाच होता. माझी मोजणी अशा बाबतीत चुकत नाही.

२१७ मात्र जाईना. रविवारी रात्री बायकोने खोबरेल तेल लावलं, मग बेसन, मग भांड्याची घासणी. आकडा आणखी उजळ झाला. सोमवारी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून काउंटरवर बसलो, पण अकरा वाजता वीज गेली, पंखा थांबला आणि बाह्या वर गेल्या. रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा सावरून माझा हात वाचला, मग स्वतःच्या मुठीतलं टोकन वाचलं.

“साहेब, माझा २१४ आहे,” ते म्हणाले. “तुमच्या आधी मी.”