दोष एकही नाही, होय म्हाराजा!

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या मिनी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन 10 मिनिटांचं असतं, त्यामुळे तयारीला आदली रात्र पुरे. रत्नागिरीत राहून विषयासाठी डोकं खाजवण्याचं कारण नाही: हापूस पेटी ऑनलाइन बुकिंग. ॲप नव्याने लिहिण्याच्या भानगडीत पडू नका. मागच्या बॅचचं घ्या, देवगड खोडून पावस करा, हिरव्याचा केशरी करा.

आता टेस्टिंग. टेस्टिंग म्हणजे दोष शोधणं, असं पुस्तकात छापलेलं असतं. पण दोष सापडला की दुरुस्ती आली, दुरुस्ती केली की भलतंच काहीतरी मोडतं, मग पुन्हा सगळं तपासा. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात आणि ते स्लाइडवरच शोभून दिसतं. तेव्हा दोष जिथे असेल तिकडे फिरकूच नका. लॉगिन तपासा. बरोबर पासवर्ड टाकला, आत गेलो: पास. चुकीचा टाकला, नाही गेलो: पास. नावं बदलत राहिलात तर या दोनाच्या 40 टेस्ट केस सहज होतात.

बाउंड्री व्हॅल्यूची स्लाइड मात्र हवीच. एका वेळी 1 ते 10 पेट्या मागवता येतात असा नियम असेल, तर तपासायचे आकडे 0, 1, 2, 9, 10 आणि 11. कारण चुका कुंपणालगत होतात. तुम्ही 5 टाका. 5 हा गरीब स्वभावाचा आकडा आहे, त्याने आजवर कुणाचं ॲप बुडवलेलं नाही. चुकूनही वजा 3 टाकू नका. टाकलेत तर बिल उलटं होईल, बागायतदारच गिऱ्हाइकाला पैसे देणं लागेल आणि वर त्याच्या शिल्लक मालात 3 पेट्या वाढतील. कलम न लावता आंबा वाढतो हे कळलं, तर दापोलीचे कृषी शास्त्रज्ञ पहिल्या एसटीने येऊन थडकतील.

ग्रुपमधला एखादा हौशी जेयुनिट, म्हणजे जावाच्या टेस्ट आपोआप चालवणारं साधन, वापरूया म्हणेल. वापरू द्या, फक्त असर्ट, म्हणजे आलेलं उत्तर ताडून पाहणारी ओळ, लिहू देऊ नका. उत्तर काय यायला हवं हेच ज्या टेस्टने विचारलेलं नाही, ती प्रोग्रॅम मध्येच कोसळला नाही तर पासच होते. कव्हरेजही 100 टक्के दाखवता येईल; कोडची ओळ चालली एवढंच ते सांगतं, बरोबर चालली का याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

वेळ खायला इतिहास आहेच. 1947 साली हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेत सापडलेला पतंग, म्हणजे खराखुरा किडा (इंग्रजीत बग, दोषालाही हाच शब्द), प्रत्येक ग्रुप दाखवतो, तुम्हीही दाखवा. मग 1996 चं युरोपियन रॉकेट एरियान 5. उड्डाणानंतर मिनिटभरही टिकलं नाही, कारण एरियान 4 चा कोड नव्या रॉकेटात तसाच घातला. 64 बिटांची संख्या 16 बिटांत कोंबताना तो कोलमडला, आणि नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाने त्याची चाचणीच झाली नव्हती. हे गंभीर चेहऱ्याने सांगा. आपलं अख्खं ॲप मागच्या बॅचचं आहे, हे त्या क्षणी आठवून हसू नका.

बोलायचं कुणी? गाऱ्हाण्याची पद्धत उत्तम. एकाने पुढे होऊन घालायचं, "आमच्या ॲपमध्ये एकही दोष नाही," आणि बाकीच्या तिघांनी मान डोलवायची, होय म्हाराजा. ज्याने खरंच काम केलं त्याला लॅपटॉपवर बसवा. त्याला बोलायला लावलंत तर तो खरं सांगेल. स्पायरल बाइंडिंग करून आणणाऱ्याचं योगदान मात्र आवर्जून सांगा, निदान ते हातात घेऊन पाहता येतं.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, बाहेरगावचे असतात, त्यांना परतीची गाडी गाठायची असते. "बग किती मिळाले?" एवढं ते विचारतीलच. शून्य म्हणू नका, संशय येतो. एक म्हणा, स्पेलिंगचा, तोही सुधारला.

सरांनी "जरा दाखवा तुमचं ॲप" म्हणून मोबाइल मागितलाच, तर रेंज नाही म्हणून सांगा. आपल्याकडे यावर कुणी वाद घालत नाही. मोबाइल हातात देऊ नका. जुना शिकवणारा माणूस, पेट्यांच्या रकान्यात शून्यापासूनच सुरुवात करायचा.