फुकट वाटलेली रेकॉर्ड आणि कीथ ग्रीनचा हेका

ताई, सलाम.

कीथ ग्रीनवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे. दोन ओळींत वाटेला लावण्यासारखी ती नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ताई वसईच्या, कॅथलिक घरातल्या. त्यांचं म्हणणं असं की कीथ ग्रीन या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन ख्रिस्ती गायकाची मी आरती ओवाळली. रेकॉर्ड फुकट वाटणं ही निव्वळ जाहिरातबाजी होती. याच माणसाने कॅथलिकांविरुद्ध विखारी लेख छापले, ते मी एका वाक्यात गुंडाळले. त्याचा आणि त्याच्या पोटच्या लेकरांचा जीव घेणारा विमान अपघात मी 'दुर्दैव' म्हणून सोडून दिला, त्यांच्या मते ती 'हत्या'. आणि वर एक टोला, की घरात ना. वा. टिळकांसारखा मराठी ख्रिस्ती कवी असताना ग्रीनच्या टेक्सासला जायचं कारण काय?

आधी फुकटचं बघू. नुसती जाहिरात करायची असती तर घर गहाण टाकायची गरज नव्हती. 1977 ची पहिली रेकॉर्ड आणि 1978 ची 'नो कॉम्प्रमाइज', दोन्ही स्पॅरो या ख्रिस्ती संगीताच्या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या आणि दोन्ही चाललेल्या. तिसरीच्या वेळी ग्रीन कंपनीचे संस्थापक बिली रे हर्न यांच्याकडे गेला आणि मला करारातून मोकळं करा म्हणाला. हर्न यांनी सोडलं. मग घरावर कर्ज काढून त्याने 'सो यू वॉना गो बॅक टू इजिप्त' स्वतःच काढली, 1980 मध्ये. किंमत काय, तर ज्याला जे परवडेल ते. काहीच परवडत नसेल तर तसंच पत्र टाका, रेकॉर्ड येईल. मे 1982 पर्यंत दोन लाखांहून जास्त प्रती रवाना झाल्या होत्या, त्यातल्या 61 हजार एक छदामही न घेता. त्यातल्या एका गाण्यात माउथ ऑर्गन बॉब डिलन या जगप्रसिद्ध गायकाने वाजवलाय. डिलन तेव्हा नुकताच ख्रिस्ती झाला होता, सगळी अमेरिका त्याबद्दल बोलत होती. एवढा हुकमाचा पत्ता हातात असताना दुकानदारी करणाऱ्याने वस्तूवरची किंमत पुसली नसती. कार्यक्रमांना तिकीट लावणंही त्याने असंच बंद केलं होतं.

तुमचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. हे त्याला जमलं कारण नाव आधीच झालं होतं, आणि ते स्पॅरोच्या पैशावर झालं होतं. एखाद्या नवख्या गायकाने हेच केलं असतं तर घर तेवढं गेलं असतं. शिवाय हे त्याच्यामागे टिकलंही नाही. 1987 आणि 1988 मध्ये त्याच्या गाण्यांचे मोठे संच पुन्हा स्पॅरोनेच काढले, आणि 1992 मध्ये स्पॅरो स्वतः ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या पोटात गेली. म्हणजे 'परवडेल ते द्या' ही काही पर्यायी व्यवस्था नव्हती. एका माणसाचा हेका होता, तो होता तोवर चालला. माझ्या लेखाचा रोख या हेक्यावरच होता, आणि तुमचं माझं खरं भांडणही तिथेच आहे.

कारण हेका त्याच्यात कुठून आला हे बघितल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. ब्रुकलिनमध्ये 1953 मध्ये जन्मलेला हा मुलगा, लहानपणीच कॅलिफोर्नियात आला. 1965 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, डेक्का रेकॉर्ड्सने त्याच्याशी करार केला. पोरींनी ज्याच्यासाठी किंचाळावं असा बालतारा करायचा बेत होता. बेत फसला, ती जागा दुसऱ्यांनी घेतली, आणि हा ऐन मिसरूड फुटायच्या वयात 'माजी' झाला. पुढची दहा वर्षं बार, गांजा, एलएसडी, या गुरूकडून त्या गुरूकडे. घराणं मूळचं ज्यू, वाढला ख्रिश्चन सायन्स नावाच्या पंथात. 1975 मध्ये तो आणि बायको मेलडी ख्रिस्ती विश्वासात आले. अकराव्या वर्षी ज्याला विक्रीला काढलं होतं, त्याला पुढे रेकॉर्डच्या किमतीचीच चीड यावी, यात मला तरी नवल वाटत नाही. (हा माझा तर्क, त्याचा शब्द नव्हे.)

लॉस एंजेलिसजवळच्या घरात या जोडप्याने व्यसनी पोरं, रस्त्यावर आलेल्या गरोदर मुली, ज्याला कुणी नाही अशांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. घर पुरेना तेव्हा शेजारचं विकत घेतलं, मग आणखी भाड्याने घेतली. 1979 मध्ये सगळा गोतावळा टेक्सासमध्ये लिंडेलजवळ गार्डन व्हॅलीला हलवला. हाही हेकाच. अर्धवट काही करणं त्याला ठाऊक नव्हतं.

आता 'कॅथलिक क्रॉनिकल्स'. कॅथलिकांविरुद्धची ही लेखमाला त्याने आपल्या 'लास्ट डेज मिनिस्ट्रीज' या संस्थेतर्फे काढली आणि पहिला घाव थेट मिस्सावर, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेवर घातला, भाकर आणि द्राक्षारसाच्या शिकवणीवर. तुम्ही चिडलात ते योग्यच आहे. मी प्रॉटेस्टंट घरातला, प्रभुभोजनाबद्दल तुमची आमची शिकवण वेगळी, तरी ते लेख मला वाचवत नाहीत. चार-पाच वर्षांपूर्वी विश्वासात आलेला, पंचविशी नुकती ओलांडलेला गायक शतकानुशतकांच्या ईश्वरविज्ञानाचा निकाल लावायला बसतो, तेही वाचक आधीच आपल्या बाजूचे आहेत या खात्रीने. त्याचे चाहते म्हणतात की तो स्वतःच्या लोकांनाही सोडत नव्हता. 'अस्लीप इन द लाइट' ऐका, त्यात मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, सुखवस्तू विश्वासणाऱ्यांची सालटी काढलीत. खरंय. पण आपल्या माणसांना झोपेतून उठवणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या वेदीवर दगड मारणं वेगळं. पहिल्यात त्याला स्वतःलाही लागत होतं. दुसऱ्यात त्याचं काही जात नव्हतं.

म्हणूनच फुकटची रेकॉर्ड 'चांगला ग्रीन' आणि लेखमाला 'वाईट ग्रीन' अशी वाटणी मला जमत नाही. तुम्ही दुसरा धरून पहिला खोटा ठरवता, त्याचे भक्त पहिला धरून दुसरा झाकतात. माणूस एकच होता.

अपघाताबद्दल जेवढं नोंदलेलं आहे तेवढंच लिहितो. 28 जुलै 1982 ची संध्याकाळ. संस्थेने भाड्याने घेतलेलं दोन इंजिनांचं छोटं सेस्ना 414 विमान, आणि आकाशातून जागा बघायची म्हणून छोटीशी फेरी. आत बारा जण: वैमानिक, ग्रीन, त्याचा तीन वर्षांचा मुलगा, दोन वर्षांची मुलगी, आणि पाहुणे आलेलं एक जोडपं त्यांच्या सहा मुलांसकट. चौकशीत निघालं की वजन मर्यादेपेक्षा 445 पौंड, म्हणजे दोनशे किलोंवर जास्त होतं. विमान उडालं आणि धावपट्टीपासून मैलभराच्या आतच पडलं. कुणी वाचलं नाही. मेलडी धाकट्या बाळाबरोबर घरी होती, पुन्हा दिवस गेलेले. वजनाचा हिशोब ही वैमानिकाची जबाबदारी, तो अनुभवी होता. पण एवढी माणसं आत चढत असताना ग्रीन तिथेच होता, आणि 'जागा नाही' म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं, हेही खरं. 'दुर्दैव' हा शब्द तुम्हाला तोकडा वाटला. मलाही त्याहून नेमका सापडत नाही, कारण 'हत्या' हा तुमचा शब्द तर मुळीच बसत नाही.

राहिले टिळक. त्यांच्याशी तुलना तुम्ही काढलीत, आणि ती ग्रीनला जड जाते हे मान्य. 1917 मध्ये टिळकांनीही अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, उतारवयात, पगारासकट. पण सोडून त्यांनी काय केलं? 'देवाचा दरबार' काढला, आणि बाप्तिस्मा झालेल्या न झालेल्या सगळ्याच ख्रिस्तभक्तांना त्यात जागा ठेवली. ग्रीनने कंपनी सोडली आणि रेघा आणखी गडद केल्या. तरीही 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली टिळकांची पदं तोंडपाठ असलेल्याने ग्रीनवर लिहू नये, हे काही मला पटत नाही. मी दोन्ही ऐकतो.

शेवटी तुम्ही उपरोधाने विचारलंत, 'मग मी त्याचं ऐकू तरी काय?' मी सरळ उत्तर देतो. 'द शीप अँड द गोट्स' ऐका. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय, मेंढरं आणि शेरडं. जवळजवळ गाणं नाहीच ते: पियानो बडवत बडवत तो दृष्टांत सांगत जातो. शेरडांच्या सबबी सांगताना आवाज बदलतो आणि समोरचे लोक हसतात, मग पियानोचा ठेका चढत जातो आणि हसू बंद होतं. भुकेल्याला जेवू घातलंस का, एवढाच प्रश्न उरतो. तुमच्या फादरांनाही यात आक्षेपार्ह काही सापडणार नाही. 'देअर इज अ रिडीमर' तुम्ही बहुधा आधीच ऐकलं असेल. ते मेलडीने लिहिलेलं आहे. 'अस्लीप इन द लाइट' मात्र रविवारी सकाळी लावू नका, दिवसभर चिडचिड होते.