घरची छत्री गाडीच्या टपावर? आधी हे वाचा

सुट्ट्या जवळ आल्या की कॅराव्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. घरची डिश, म्हणजे टीव्हीची छत्री, काढून गाडीच्या टपावर बसवा, चालत्या गाडीतही टीव्ही दिसेल. उपग्रह तोच, त्यामुळे दिशा एकदा लावली की पुन्हा हात लावायला नको. पावसात चित्र गेलं तर बूस्टर लावा. स्प्लिटर टाकून एका तारेवर हवे तेवढे टीव्ही चालवा. आणि दूरदर्शनची फ्री डिश घेतली की सगळे चॅनल फुकट. हे वाचून माणसं टपाला भोकं पाडून घेतात आणि पहिल्याच पावसात आत पाणी गळतं, तेव्हा एकेका दाव्याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी चालत्या गाडीचं. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. फ्री डिशचा जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. घराघरांवर दिसणारी ६० सेंटिमीटरची छत्री साधारण ३ अंशांच्या चिंचोळ्या पट्ट्यातलाच सिग्नल नीट पकडते. नेम दीड अंशाने चुकला तर सिग्नल निम्म्यावर येतो, आणखी थोडा चुकला की चित्रच जातं. सरळ रस्त्यावर लेन बदलताना गाडी याहून जास्त वळते, मग खंबाटकी घाटाचं काय सांगावं! चालत्या वाहनावर उपग्रह धरून ठेवणाऱ्या डिश जगात आहेत. परदेशातल्या मोटरहोमवर आणि बोटींवर त्या बसवतात. घुमटाच्या आत मोटर आणि सेन्सर असतात, ते डिशला सतत फिरवत राहतात. ते यंत्रच वेगळं आणि त्याचा खर्चही वेगळा. घरची छत्री टपावर घट्ट आवळली म्हणून ती तसं काम करत नाही.

‘दिशा एकदा लावली की झालं’ हा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवतो. खरा भाग असा की जवळपास देशभर सिग्नल तोच पडतो, त्यामुळे पुण्याचा सेट-टॉप बॉक्स नागपुरातही चालतो. पण छत्रीचं तोंड तेच राहत नाही. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर पुण्यात जीसॅट-१५ साठी सुमारे १३२ अंश लागतात, म्हणजे जवळपास नेमकी आग्नेय. नागपुरात १४५. फरक १३ अंशांचा, आणि छत्रीची नजर ३ अंशांची! एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा, तोसुद्धा पुण्यात ४५ अंशांच्या आसपास पिळलेला असतो, तर नागपुरात ३३. आणि प्रवासाला जायचीही गरज नाही. अंगणातच गाडी उलट्या तोंडाने लावली, तर टपावरची छत्री थेट वायव्येकडे बघत बसेल.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: बॉक्स एक पुरतो, छत्र्या दोन घ्या. घरची एकदा नीट बसली की तिला हात लावू नका, दुसरी तिपाईवर ठेवा आणि मुक्कामी पोचल्यावर लावा. आईला सह्याद्रीवरच्या बातम्या लागतात, ती कुठेही गेली तरी लागतात, त्यामुळे हे काम मी प्रत्येक मुक्कामी करतो. भंडारदऱ्याला पहिल्या वेळी पाऊण तास गेला होता, आता दहा मिनिटं पुरतात. होकायंत्र गाडीपासून दहा-बारा पावलं लांब जाऊन बघायचं, कारण पत्र्याजवळ सुई खोटं बोलते. तिपाईचा दांडा ओळंब्यात असलाच पाहिजे. तो कलला तर ब्रॅकेटवरच्या अंशांच्या खुणा निरुपयोगी. तिपाईच्या पायांवर वाळूची पिशवी टाकायची. मग छत्री आडवी फिरवायची ती नखाएवढी, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन श्वास थांबायचं, कारण बॉक्स सिग्नल उशिरा ओळखतो. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंथ’कडे बघू नका, ती चुकीच्या दिशेलाही भरते. ‘क्वालिटी’ शून्यावरून उठली की उपग्रह सापडला.

जागा निवडताना बहुतेकांची फसगत होते. आपल्या छत्रीचा एलएनबी खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती बरीच उभी दिसते आणि समोरच्या क्षितिजाकडे बघते आहे असं वाटतं. प्रत्यक्षात पुण्यात तिची नजर जवळजवळ ५९ अंश वर असते. समोरची टेकडी सहसा आड येत नाही, डोक्यावरची फांदी येते. आग्नेयेला ३० फुटी झाड असेल, तर त्याच्या घेरापासून निदान २० फूट मागे सरा. सावलीत गाडी आणि उन्हात छत्री, हा या व्यवस्थेचा मोठा फायदा. टपावरच्या छत्रीला तो मिळत नाही.

आता बूस्टर. एका दुकानदाराने मलाही तो गळ्यात मारला होता. पावसाळ्यात चित्र जातं ते केयू बँडच्या, म्हणजे या छत्रीवर येणाऱ्या टीव्हीच्या, लहरी जोरदार सरींमध्ये शोषल्या आणि विखुरल्या जातात म्हणून. छत्रीपाशी पोचतानाच सिग्नल क्षीण झालेला असतो. तारेत बसवलेला बूस्टर त्या सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो, हाती काहीच लागत नाही. तार फारच लांब असेल तर त्याचा उपयोग आहे, पावसावर नाही. पावसावर थोडाफार उपाय मोठ्या छत्रीचा: ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर घर असेल तर घरासाठी तीच घ्या. तरीही आभाळ फाटल्यावर काही मिनिटं चित्र जाणारच. जोडणीत पाणी शिरू नये म्हणून घरात शिरण्याआधी तारेला खाली झोका ठेवा, त्यावरून पाणी ठिबकून जातं. वीज कडाडायला लागली की तार काढून ठेवा.

स्प्लिटरचं थोडक्यात. बॉक्स तारेतूनच एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून आडव्या लहरी घ्यायच्या की उभ्या हे ठरतं. दोन बॉक्सनी एकाच वेळी दोन वेगळ्या मागण्या केल्या तर एलएनबी दोघांचं ऐकू शकत नाही. घरात दोन टीव्ही स्वतंत्र चालवायचे असतील तर दोन तोंडांचा एलएनबी घ्या आणि दोन तारा ओढा.

राहिला फुकटचा दावा. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, हे खरं. २००४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हापासून तसंच आहे. पण तिच्यावर खासगी चॅनल लिलावातून जागा घेऊन येतात, म्हणून यादी बदलत राहते आणि पैसे भरून बघायचे चॅनल तिथे मिळत नाहीत. ते हवे असतील तर कंपनीचा बॉक्स लागेल. त्या कंपनीचा उपग्रह वेगळा असेल तर वर सांगितलेले अंशही बदलतील. शिवाय करारात घरचा पत्ता लिहिलेला असतो, बॉक्स गाडीत नेण्याआधी ती अट वाचून घ्या.