माळ ओसाड नाही, आणि मेंढीने जंगल खाल्लेलं नाही

काल सकाळी आत्याने घरच्या ग्रुपवर तोच मेसेज टाकला. सासवड-जेजुरीपासून सुप्यापर्यंतचे माळ म्हणे पूर्वी घनदाट जंगल होते, धनगरांच्या मेंढ्यांनी ते फस्त केलं, तिथली माती आता मेलीये, आणि प्रत्येक पुणेकराने पाच झाडं लावली की पाऊस परत येईल. वर्षभरात चौथ्यांदा वाचतोय. पण या वेळी आत्याच्या सोसायटीने रविवारची बस ठरवलीये, खड्डे घ्यायला जेसीबी सांगितलाय. आता गप्प बसवत नाही.

घनदाट जंगल होतं, ते कधी? आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतले दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, लोकगीतं वगैरे चाळून त्यातले झाडाझुडपांचे आणि भूप्रदेशाचे उल्लेख गोळा केले. तो अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ४४ रानवनस्पती सापडल्या, त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश माळरानाच्या. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही इथे गवत आणि विरळ काटेरी झाडं होती. आत्या, तू दरवर्षी पंढरपूरला जातेस. कान्होपात्रेचं म्हणून ज्या झाडाला हात जोडतेस, ते तरटीचं आहे. तरटी दाट जंगलातली नव्हे, बोर-हिवरासारखी माळावरची.

आणि हे असंच असणार. ताम्हिणीत हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या सुप्याला पाचशेच्या आसपास. मधे सह्याद्री आहे. खाली बेसॉल्ट, वर वीतभर मुरमाड माती. इथे सदाहरित जंगल उभं राहणार कशावर?

मेंढ्यांच्या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्याने माणसांचं नुकसान होतं. लागवड झाली की कुंपण येतं, चराईबंदी येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे चारणाऱ्याला घुसखोर ठरवलं जातं. धनगरांचे कित्येक वाडे, म्हणजे कळपांसकट फिरणारे कुटुंबांचे तांडे, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने त्या कळपांचं तोंड माळाला लागत नाही. वाटेत शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखतासाठी धान्य नाहीतर पैसे देतात. ज्यांच्या खतावर शेतं पिकतात, त्यांनाच जमिनीचे मारेकरी म्हणायचं?

हो, एक अर्ध सत्य आहे, ते मान्य करतो. एकाच तुकड्यावर बारा महिने चराई झाली तर मारवेलसारखी चांगली बारमाही गवतं मागे पडतात आणि निकृष्ट हंगामी गवत माजतं. असे तुकडे मी पाहिलेत. मुळशी-वेल्ह्याकडचं जंगल तोडीने विरळ झालं, हेही खरं. पण पहिल्यावर उपाय म्हणजे चराई फिरती ठेवणं. आणि मुळशीचा हिशेब सुप्याच्या माळावर फेडता येत नाही.

माती मेलीये म्हणणाऱ्याने एकदा कुसळीचं कुसळ हातात घ्यावं. गेल्या दिवाळीत माझ्या मोज्यात अडकून आलेलं एक मी तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. पीळ दिलेली काळी शेपटी उलगडत हळूहळू फिरायला लागली. पहिल्या पावसात हे बी असंच गिरमिटासारखं फिरत मातीत शिरतं. वरून वाळलेल्या दिसणाऱ्या गवताची मुळं खाली जाळ्यासारखी पसरलेली असतात, मुरूम धरून ठेवतात. त्यांच्यात कंदीलपुष्पाचे कंद पावसाची वाट बघत पडलेले असतात. जेसीबीचा दात आधी हेच उपटणार, आणि वर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावली की त्यांच्या सावलीत उरलंसुरलं गवतही जाणार. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे, आणि चिंकाऱ्याला हाच उघडा माळ लागतो.

पाच-पाच रोपांनी पाऊस येईल, यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. तो मोसमी वाऱ्यांनी येतो.

आत्या, सेक्रेटरींना आजच फोन कर. बस रद्द करू नका. माळ बघायला या, मी दाखवायला येतो. जेसीबीवाल्याला तेवढा नको म्हणून सांगा.