‘कुठलाही मासा सोडून द्या’ म्हणे! त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

गेले काही दिवस तो मेसेज प्रत्येक ग्रुपवर येतोय. ‘खरा अँगलर (हौसेने गळ टाकणारा) मासा मारत नाही. परदेशी मासा लागला तरी सोडा, तोही जीवच. एकाने काय बिघडतं? नदीत नको तर जवळच्या विहिरीत, शेततळ्यात सोडा, पाणी साफ राहील, डास जातील, पुण्य लागेल.’ खाली हात जोडलेले. मी डिलीट करून मोकळा झालो होतो, पण रविवारी पुतण्या पुण्याहून आला, उजनीच्या बॅकवॉटरला गळ टाकून बसला, दोन चिलापी (टिलापिया, मूळची परदेशी) मिळाल्या, आणि पठ्ठ्याने त्या बादलीतून आणून थेट आमच्या मळ्यातल्या विहिरीत सोडल्या. वर मलाच म्हणतो, काका, आता डास कमी होतील बघा.

तर विहिरीपासूनच सुरुवात करतो. बादलीच्या तळाशी वाटीभर पाणी उरलं होतं, त्यात मोहरीएवढे पिवळट दाणे. पुतण्याला वाटलं आमिषाच्या पिठाचे गोळे आहेत. अंडी होती ती! चिलापीची मादी अंडी तोंडात ठेवते, पिल्लं निघाली तरी काही दिवस तोंडातच सांभाळते, आणि घाबरली, ओढाताण झाली की थुंकून टाकते. बादलीत थोडी थुंकली, बाकीची किती तोंडातच विहिरीत गेली देव जाणे. म्हणजे याच्या हिशेबाने दोन मासे, आणि विहिरीच्या हिशेबाने एक अख्खी वस्ती. बरं विहीर म्हणजे काही बंद डबा नाही, आमची चांगल्या पावसात काठोकाठ भरते आणि बाजूच्या ओढ्याला मिळते, आणि त्या ओढ्यात अजून मरळ सापडते, शिंगी सापडते, ती तरी राहू द्या ना. चिलापीची मोझांबिकची जात 1952 साली देशात आणली होती, पाळायला सोपी म्हणून, आणि 1959 मध्येच सरकारी समितीला म्हणावं लागलं की हिला पसरवू नका. सात वर्षांत! तोवर व्हायचं ते होऊन बसलं होतं.

डासांचं अर्धं खरं आहे, मान्य करतो, नाइलाजाने. आरोग्य खातंच डबक्यांत गप्पी सोडतं, आणि गप्पीही काही इथली नाही, मग लोकांना फरक कसा कळावा. पण गप्पी सोडतात म्हणून चिलापी सोडायची हे कुठलं लॉजिक. ‘पाणी साफ होतं’ यात तर तेवढंही नाही. सकर हा घरच्या टाकीतला परदेशी मासा काचेवरचं शेवाळ खातो, नदीत गेला की काठात बिळं करतो आणि काठ ढासळतो.

आता ‘एकाने काय बिघडतं’ आणि ‘खरा अँगलर सोडतोच’. यावर मला एकच उदाहरण पुरतं, आणि ते गळवाल्यांच्याच वहीतून आलंय. कावेरीत मोठ्या कुबडाचा महसीर (नदीतला मोठा, गळवाल्यांचा लाडका मासा) होता, जगभरातून लोक त्यासाठी यायचे. 1970च्या दशकापासून तिथे दुसरा महसीर सोडला गेला, निळ्या परांचा, आपल्या लोणावळ्याच्या हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेला, आपल्या मुळा-मुठेचाच मासा. हेतू चांगलाच होता. तिथल्या फिशिंग कॅम्पवर धरलेला प्रत्येक मासा नोंदवून परत सोडायचे, कॅच अँड रिलीज अगदी काटेकोर. 1998 ते 2012च्या त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तर बाहेरून आणलेला वाढत गेलेला आणि मूळचा कुबडवाला जवळजवळ दिसेनासा. 2018 मध्ये तो आययूसीएनच्या (निसर्गरक्षणाच्या जागतिक संस्थेच्या) अतिसंकटग्रस्त यादीत गेला. म्हणजे परका म्हणजे परदेशीच असं नाही, पुण्याचा मासासुद्धा कावेरीत परकाच. आणि प्रामाणिकपणे सोडत राहिल्याने मूळचा मासा वाचला नाही.

महसीर तुमच्या नदीचाच असेल तर सोडाच, हात ओले करून सोडा, त्याबद्दल वाद नाही.

मांगूर या मिशीवाल्या माशाबद्दल त्याच मेसेजच्या शेवटी ‘खाल्ला की कॅन्सर, म्हणून बंदी’ असंही आहे. बंदी खरी आहे, थाई मांगूर म्हणून विकतात त्या आफ्रिकन मांगूरच्या पालनावर 2000 पासून आहे, 2019 मध्ये हरित लवादानेही दट्ट्या दिला. कारण मुख्यतः हे की तो दिसेल ते गिळतो, बाकीचे मासे संपवतो, आणि त्याला कत्तलखान्याचा कचरा घालून वाढवतात. आणि गंमत बघा, ज्याच्यावर बंदी आहे म्हणून घाबरवताय तोच मासा लागला तर परत पाण्यात सोडा म्हणताय!

मग करायचं काय? चिलापी असेल तर घरी न्या, कालवण करा, उजनीकाठी रोज होतं. पण मारूनच न्या. डोळ्यांच्या जरा मागे डोक्यावर जड काठीचा एकच जोरदार ठोका, संपलं. काठावर तडफडत टाकू नका, त्यातून मांगूर आणि सकर हवा घेऊन तासन्‌तास जगतात, पाऊस असेल तर मांगूर सरपटत परत पाण्यात जातो. खायचा नसेल तर मारून खड्ड्यात पुरा. जिवंत मासा बादलीतून कुठेही हलवू नका, हे सगळ्यात आधी. ओळख पटत नसेल तर फोटो काढा, काठावरच्या कोळ्याला दाखवा, तो एका नजरेत सांगतो. देशी मांगूर मारून बसू नका म्हणजे झालं.

आमच्या विहिरीचा गाळ मे महिन्यात काढायचाय. पुतण्याला सांगून ठेवलंय, उपसा सुरू झाला की जाळी घेऊन खाली तूच उतरायचं.